डावी बाजू: सॉफ्ट फोटो देणाऱ्या एका झूम लेन्सचं प्रकरण

## पार्श्वभूमी

ज्यांची ही लेन्स, त्यांना इथे नुसतं ताई म्हणतो. कॅमेऱ्याची आणि लेन्सची कंपनी मुद्दाम सांगत नाही. असा बिघाड कुठल्याही कंपनीच्या झूममध्ये होऊ शकतो, आणि नाव आलं की चर्चा भलत्याच दिशेला जाते.

ताई नोकरी सांभाळून फोटो काढतात. सुटीच्या दिवशी पक्षी, अधूनमधून ओळखीतल्यांसाठी मैदानी स्पर्धा. कॅमेरा एपीएस-सी सेंसरचा (जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा साधारण दीडपट लहान), २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर. लेन्स ७०-३०० मिमी, एफ/४.५-५.६, हाताचं कंपन थोपवणारा स्टॅबिलायझर असलेली. लेन्स चार वर्षं वापरात होती. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, मात्र वर्षभरापूर्वी बदललेली, आधीची १२ मेगापिक्सेलची होती. ही बॉडी बदलल्याची गोष्ट लक्षात असू द्या, तिने आम्हाला थोडं चकवलं.

मी दुरुस्ती करणारा नाही. लेन्स उघडत नाही, हौशी माणसाने ती उघडूही नये असं माझं मत आहे. फोटो काढायला शिकवतो, त्यामुळे ‘शार्प येत नाही’ ही तक्रार सारखी कानावर येते. ताईंचा फोन आला तोच निकाल घेऊन: “दादा, लेन्स गेली. विकून टाकू का?”

## तक्रार

आधी मोबाइलवर फोटो आले. ते पाठवताना दाबून लहान झालेले, त्यांच्यावरून काहीच सांगता येईना. म्हणून म्हटलं, तुमच्या मते सगळ्यात वाईट आलेले पाच फोटो निवडा आणि मूळ फाइली द्या, कापाकापी न करता. फाइलमध्ये शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफ/ पुढचा आकडा मोठा तितकं ते लहान), फोकल लांबी (मिमीतला आकडा; मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) सगळं नोंदलेलं असतं. तक्रारीच्या शब्दांपेक्षा या नोंदींवर माझा जास्त भरवसा.

पाचही फोटो सॉफ्ट, म्हणजे कडा स्पष्ट नसलेले, मऊ होते, यात शंका नव्हती. पण प्रत्येकाचा सॉफ्टपणा निराळा होता.

पहिला, फांदीवरचा पक्षी. ३०० मिमी, १/२०० सेकंद, एफ/५.६. डोळ्यातली चमक खरं तर टिंबाएवढी असायला हवी, ती उभी ओढल्यासारखी, बारीक रेघेसारखी दिसत होती. मागच्या पानांवरच्या चमकत्या ठिपक्यांनाही तशीच शेपटी, त्याच दिशेला. हात हलला. बटण जोरात दाबलं की कॅमेरा खाली झुकतो, तो झटका फोटोत उतरला होता.

दुसरा, धावणारी मुलगी. २२० मिमी, १/१०००. ओढल्याची खूण कुठेच नाही, मुलगी मऊ, आणि तिच्या दीड-दोन मीटर मागचं गवत पात्यापात्यासकट स्पष्ट. फोकस मागे पडलेला.

तिसरा, भर दुपारी पाण्यापलीकडची इमारत. एफ/११, १/८००. चौकटीत कुठेच नीट फोकस नाही, खिडक्यांच्या सरळ कडा नागमोडी. लागोपाठ काढलेल्या फोटोंमध्ये ती नागमोड दर वेळी वेगळी. तापलेल्या हवेचा हा खेळ. मधल्या हवेचे थर प्रकाशाला इकडेतिकडे वळवत असतील तर जगातली कुठलीही लेन्स तिथे हतबल आहे.

चौथा, फांदीवरचाच पक्षी, पण एफ/२२ ला. फोटो सॉफ्ट येतात म्हणून ताईंनी अपर्चर लहान करत नेलं होतं. एफ/२२ ला विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा बिंदू सेंसरवर सुमारे ३० मायक्रॉनच्या ठिपक्याएवढा पसरतो. या सेंसरचा एक पिक्सेल चार मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एकेका बिंदूने रुंदीत सात-सात पिक्सेल अडवलेले. रोगापेक्षा औषध भारी.

पाचवा, रिलेच्या चौघी आणि त्यांच्या प्रशिक्षक बाई. १३५ मिमी, एफ/८, १/२५०, ट्रायपॉडवर. उजवीकडच्या तिघी छान, डावीकडच्या दोघी मऊ. हा फोटो पाहून मी म्हटलं, “रांग तिरकी उभी असेल,” आणि पुढे गेलो. या वाक्याकडे परत यायचं आहे.

शिवाय बॉडी बदलल्याचा मुद्दा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० पिक्सेल रुंदी. साधारण मॉनिटरवर तो १०० टक्के करून (फोटोच्या एका पिक्सेलला पडद्याचा एक पिक्सेल) बघणं म्हणजे दीड मीटर रुंदीचा छापलेला फोटो हातभर अंतरावरून बघणं. जुन्या बॉडीवर हाच १०० टक्क्यांचा फोटो रुंदीला जवळपास तीस टक्के लहान असे, म्हणून चुका थोड्या झाकल्या जात. मला वाटलं, तक्रारीचा मोठा हिस्सा इथेच आहे. काही अंशी होताही.

## समोर असलेले पर्याय

लेन्स विकून दुसरी घेणं, ताईंचा कल इकडे. पण पाचांतले निदान तीन फोटो नव्या लेन्सवरही असेच आले असते.

थेट सर्व्हिस सेंटरला देणं. हे करायला हरकत नव्हती, पण तक्रार काय लिहून देणार? ‘फोटो सॉफ्ट येतात’ एवढंच लिहिलं तर तिथे नेहमीची सरसकट चाचणी होते, आणि लेन्स ‘मर्यादेत आहे’ असा शेरा घेऊन परत येण्याची शक्यता असते.

कॅमेऱ्यातलं ऑटोफोकसचं फाइन ट्यूनिंग (फोकस किंचित पुढेमागे सरकवणारा आकडा) बदलणं. हे बोलताबोलता कळलं की ताईंनी ते आधीच केलं होतं. काही महिन्यांपूर्वी एक व्हिडिओ बघून, रात्री, घरातल्या पिवळ्या दिव्यात, कॅमेरा हातात धरून, ७० मिमीला दीड मीटरवरून टेबलावरच्या पट्टीवर फोकस करत करत त्या +१२ वर पोचल्या होत्या. बहुतेक कॅमेऱ्यांत अधिकचा आकडा म्हणजे फोकस मागे ढकलणं. धावणाऱ्या मुलीच्या मागचं गवत आठवलं.

चौथा पर्याय, घरीच एकेक गोष्ट वेगळी करून बघणं. तो घेतला. खर्च काही नाही, आणि पुढे सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर हातात काहीतरी ठोस असेल.

## पहिली फेरी

इथे पहिला निर्णय करायचा होता: सगळे उपाय एकदम करायचे की एकेक? एकदम केले असते तर त्याच दिवशी फोटो सुधारले असते आणि नेमकं कशाने सुधारले ते कधीच कळलं नसतं. म्हणून आधी अशी स्थिती तयार केली की हात, ऑटोफोकस आणि हवा या तिघांनाही बाजूला काढता येईल.

भिंतीवर वर्तमानपत्राचं उघडं पान चिकटवलं, छोट्या जाहिरातींचं. लांब कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ट्रायपॉड. स्टॅबिलायझर बंद, आयएसओ (सेंसरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, दहा पट मोठं करून हाताने फोकस. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. पानाच्या मधोमध भिंतीला सपाट टेकवून आरसा धरायचा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघायचं. आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा सरळ आहे. ताईंच्या मुलाने आरसा धरला, आणि पाच मिनिटांत सगळं जुळलं.

मग ३०० मिमीला, एफ/५.६, दोन फोटो: एक लेन्सच्या तोंडावरचा फिल्टर (संरक्षणासाठी लावलेली काच) ठेवून, एक तो काढून. फरक मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. फिल्टरसह अक्षरांच्या काळ्या रेघा करड्या झाल्या होत्या आणि कडेला फिकट दुसरी रेघ उमटत होती. फिल्टर काढल्यावर अक्षरं काळी, कोरलेली. तीच चाचणी ७० मिमीला केली तर फरक शोधावा लागत होता.

असं का, ते आकड्यांत बघू. ३०० ला एफ/५.६ म्हणजे प्रकाश आत घेणारी खिडकी ३०० भागिले ५.६, जवळपास ५४ मिलिमीटर रुंद. ७० ला एफ/४.५ म्हणजे साडेपंधरा मिलिमीटर. फिल्टरची काच पूर्ण सपाट नसेल तर ७० ला तिचा एक लहानसा तुकडाच वापरात येतो आणि दोष लपतो. ३०० ला जवळपास अख्खी काच वापरात येते, शिवाय लांब फोकल लांबी तो दोष मोठा करून दाखवते. हा फिल्टर स्वस्तातला होता. ‘तो कधी घेतला’ हे मी तेव्हा विचारलं नाही.

मग फिल्टर न लावता ऑटोफोकस. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना मुख्य आरशामागचा छोटा आरसा थोडा प्रकाश तळाशी असलेल्या वेगळ्या फोकस सेंसरकडे पाठवतो. फोटो मात्र मुख्य सेंसरवर पडतो. दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल तरच फोकस जागेवर येतो, आणि नसेल तर ती तफावत भरून काढायला फाइन ट्यूनिंग असतं. ताईंच्या बॉडीत एका लेन्सला एकच आकडा देता येत होता. काही बॉड्यांमध्ये झूमच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे देता येतात, या बॉडीत ती सोय नव्हती. म्हणजे ७० ला जुळवलेला आकडा ३०० लाही लागू.

+१२ ठेवून ३०० ला ऑटोफोकसने दहा फोटो काढले, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून. दहाही मऊ. आकडा शून्यावर आणला. दहांतले आठ लाइव्ह व्ह्यूच्या फोटोइतकेच स्पष्ट, दोन किंचित कमी. एवढा फरक डीएसएलआरच्या ऑटोफोकसमध्ये असतोच. ७० ला शून्यावर काय होतं तेही पाहिलं, काहीही अडचण नव्हती. मग त्या रात्री ताईंना +१२ ची गरज का भासली? पिवळा दिवा हे एक कारण असणार, कारण प्रकाशाच्या रंगाने या प्रकारचा ऑटोफोकस थोडा सरकतो. हातात कॅमेरा हे दुसरं, शरीर दोन सेंटिमीटर पुढेमागे डुललं की मोजमाप संपलं. शिवाय अंतर इतकं जवळचं की त्यावरून मैदानावरचं काहीच ठरवता येत नाही. लेन्स ज्या अंतरावर वापरायची त्याच्या आसपास तपासावी. फोकल लांबीच्या २५ ते ५० पट अंतर हा चांगला ठोकताळा आहे.

शेवटी शटर स्पीड. जुना नियम असा की हातात धरताना शटर फोकल लांबीच्या व्यस्ताइतका तरी हवा. एपीएस-सीवर त्याला दीडने गुणायचं, म्हणजे ३०० ला १/४५०, व्यवहारात १/५००. स्टॅबिलायझर आहे म्हणून ताई १/२०० वर निर्धास्त होत्या. स्टॅबिलायझर हाताचं कंपन थोपवतो, पक्ष्याची मान थोपवत नाही. आणि बटण अर्धं दाबून त्याला स्थिरावायला क्षणभर द्यावा लागतो. ताई एका दमात पूर्ण दाबत.

फिल्टर काढला, आकडा शून्य, शटर किमान १/६४०, आयएसओ वाढला तर वाढू दे, अपर्चर एफ/५.६ ते एफ/८. पुढच्या सुटीला आलेल्या पक्ष्यांच्या फोटोंत पिसाची एकेक दांडी मोजता येत होती. ताई खूश, मी त्याहून खूश. ‘लेन्स उत्तम आहे’ असं मी लिहून पाठवलं.

## दुसरी फेरी

तीन आठवड्यांनी एक फोटो आला. दुसऱ्या एका संघाचे पाच जण. खाली एकच ओळ: “दादा, परत डावीकडचेच दोघं.”

त्यातलं ‘परत’ मला टोचलं. पहिल्या दिवशीचा पाचवा फोटो उघडला आणि जो हिशेब तेव्हाच करायला हवा होता तो आता केला. १३५ मिमी, एफ/८, अंतर सुमारे पंधरा मीटर. या सेंसरवर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जवळपास चार मीटर भरते. रांग तिरकी असल्यामुळे डावीकडच्या मऊ आल्या असं म्हणायचं, तर त्या इतरांपेक्षा निदान दीड-दोन मीटर पुढे किंवा मागे उभ्या असायला हव्यात. फोटोत पाचही जणी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. माझं ‘रांग तिरकी असेल’ त्या फोटोनेच खोटं ठरवलं होतं, मी फक्त नीट बघितलं नव्हतं.

पक्ष्यांच्या फोटोत हे कधी दिसलं नाही, कारण पक्षी मधोमध आणि चौकटीच्या कडा तशाही धूसर असतात. डावी बाजू सपाट रांगेच्या फोटोतच उघडी पडत होती.

पुन्हा तोच कॉरिडॉर, तेच पान, तोच आरसा. या वेळी मध्यभागाऐवजी चार कोपरे बघायचे. चौकटीत पान तेवढंच मोठं राहावं म्हणून ७० ला २.८ मीटरवरून, १३५ ला ५.४ वरून, ३०० ला १२ वरून, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, मध्यावर.

७० ला चारही कोपरे सारखे. १३५ ला खालचा डावा कोपरा किंचित उतरलेला. ३०० ला तो कोपरा सरळसरळ वाईट. किती वाईट ते असं: मध्यभागी जाहिरातींतला ‘ष’ आणि ‘प’ सहज वेगळा कळत होता, उजव्या कोपऱ्यांतही कळत होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ विरघळून गेली होती आणि प्रत्येक ‘ष’चा ‘प’ झाला होता. एफ/८ ला ती रेघ अंधूक परत आली, पूर्ण नाही.

लेन्सला दोष देण्याआधी आमचाच कॅमेरा वाकडा लागलेला नाही ना, हे बघणं भाग होतं. कॅमेरा उभा केला, एकदा उजवीकडे पाडून आणि एकदा डावीकडे, दर वेळी आरशाने पुन्हा जुळवून. कॅमेरा भिंतीशी तिरका असता तर मऊ भाग पानाच्या एकाच जागी राहिला असता. तसं झालं नाही. मऊपणा चौकटीबरोबर फिरला: एकदा पानाच्या वर, एकदा खाली. म्हणजे दोष कॅमेरा-लेन्सच्या जोडीत.

मग त्याच डाव्या कोपऱ्यावर फोकस केला. कोपरा स्पष्ट झाला, ‘ष’ परत ‘ष’ झाला, आणि उजवी बाजू मऊ पडली. याचा अर्थ तो कोपरा दाखवण्याची लेन्सची कुवत संपलेली नाही, फोकसचं प्रतलच कललंय. लेन्सच्या आतला काचांचा एखादा गट आसाशी काटकोनात राहिलेला नाही. बोलीत याला सरसकट ‘लेन्स डिसेंटर झाली’ म्हणतात.

पण बॉडीचा सेंसर किंवा माउंट (लेन्स बसते ती कडी) तिरकं असू शकत नाही का? ताईंकडची ५० मिमीची प्राइम (झूम नसलेली लेन्स) त्याच बॉडीवर लावून पाहिली, डावी-उजवी सारखी. बॉडी सुटली. लेन्सचं मागचं माउंट वाकलं असतं तर ७० लाही एक बाजू उतरायला हवी होती, कारण ती तिरपाई झूम कुठेही असला तरी सेंसरसमोर तेवढीच राहते. इथे ती झूमबरोबर वाढत होती. म्हणून आतल्या सरकणाऱ्या गटावर संशय.

आणि आता, इतक्या उशिरा, मी तो प्रश्न विचारला.

“लेन्स कधी पडली होती का?”

“नाही. बॅग पडली होती.”

आठ महिन्यांपूर्वी बाकावरून कॅमेऱ्याची बॅग खाली आली होती. लेन्सवरचा जुना, चांगला फिल्टर फुटला. लेन्सवर ओरखडाही नाही, म्हणून ‘फिल्टरने लेन्स वाचवली’ असं घरात सगळ्यांनी मानलं. फुटलेल्याच्या जागी घाईत स्वस्तातला आला. मग फोटो मऊ येऊ लागले. मग व्हिडिओ, मग +१२, मग एफ/२२. सगळं एकाच दुपारपासून सुरू झालं होतं.

हे खरं की जुळवलेली कथा, तेही तपासता आलं. ताईंच्या हार्ड डिस्कवर चार वर्षांचे फोटो होते. त्यांतले २०० मिमीच्या पुढचे, सपाट विषयांचे शोधले. बॅग पडण्याआधीच्या एका भिंतीच्या फोटोत खालचा डावा कोपरा ठणठणीत होता. नंतरच्या प्रत्येक फोटोत उतरलेला.

## दुसरा निर्णय

आता पर्याय खरोखर तीनच होते. आहे तशी वापरायची: पक्ष्यांना काही फरक पडत नाही, संघाचे फोटो ७० ते १०० मध्ये किंवा दुसऱ्या लेन्सने काढायचे. विकायची: पण दोष सांगून. याबाबत ताई माझ्या आधीच ठाम होत्या. किंवा दुरुस्ती.

मी ‘आहे तशी वापरा’कडे झुकलो होतो. माझा अंदाज असा की सुटलेला भाग हळूहळू आणखी सुटत जाईल की आहे तसाच राहील हे सांगता येत नाही, मग घाई कशाला. ताईंचं म्हणणं उलट होतं: सांगता येत नाही म्हणूनच द्यायची. एखाद्या स्पर्धेच्या मध्यावर झूम अडकला तर तो दिवस परत येत नाही. त्यांचं बरोबर होतं.

लेन्स सर्व्हिस सेंटरला दिली. सोबत एक कागद: कोणत्या फोकल लांबीला, कोणत्या अपर्चरला, कोणता कोपरा, त्या कोपऱ्यावर फोकस केल्यावर काय होतं, ५० मिमीने बॉडी तपासल्याची नोंद, बॅग पडल्याची तारीख, आणि फोटोंच्या मूळ फाइली. तिथल्या तंत्रज्ञाने कागद वाचून एकच प्रश्न विचारला, झूम फिरवताना कुठे खरखर लागते का. लागत नव्हती.

पाच आठवड्यांनी लेन्स आली. झूमची कडी फिरवली की आतल्या नळीच्या वळणदार खाचांतून काचांचे गट पुढेमागे सरकतात, आणि प्रत्येक गट खाचेत धरून ठेवायला छोटे बुश असतात. एका गटाच्या तीन बुशांपैकी एक चिरला होता. गट उरलेल्या दोघांवर लोंबत होता. बुश बदलला आणि गट पुन्हा मध्यावर आणला, असं कामाच्या कागदावर लिहिलं होतं.

## काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच फोनवर ‘कधीपासून?’ आणि ‘त्याच्या आधी काय झालं?’ हे दोन प्रश्न विचारले असते तर पहिली आणि दुसरी फेरी एकाच दिवशी झाली असती. मी फाइलींकडे गेलो, माणसाकडे उशिरा. ताईंच्या डोक्यात ‘बॅग पडली’ आणि ‘लेन्स पडली’ या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या, म्हणून ‘काही पडलं होतं का?’ असं विचारणं जास्त उपयोगी. फिल्टर नवा दिसत होता, तिथेही धागा होता.

पहिल्या फेरीत आम्ही फक्त मध्यभाग तपासला, कारण तक्रार पक्ष्यांची होती. चार कोपरे बघायला दहा मिनिटं जास्त लागली असती. भिंत, पान, आरसा सगळं लागलेलंच होतं.

आणि तीन दोष दुरुस्त झाल्यावर मी थांबलो, ते फोटो सुधारले म्हणून. पाचव्या फोटोचं उत्तर मिळालेलं नव्हतं, त्याला मी अंदाजाने गप्प केलं होतं. आता वहीत प्रत्येक फोटोसमोर कारण लिहितो आणि अंदाज असेल तर तसं लिहितो.

एका गोष्टीवर मात्र अजून आमचं एकमत नाही. ताई म्हणतात, फिल्टर आणि +१२ आधी बाजूला केलं नसतं तर डावी बाजू कधी दिसलीच नसती, सगळ्या गोंधळात मिसळून गेली असती. शक्य आहे. मला तरी वाटतं, ती दिसत होतीच.

## सध्याची स्थिती

दुरुस्तीनंतर त्याच खुणांवर पुन्हा चाचणी घेतली. फाइन ट्यूनिंगही नव्याने पाहिलं. ३०० ला -२ वर फोटो केसभर चांगले वाटले, ७० ला शून्यावर. ३०० मिमीला एफ/५.६ वर दहा मीटरवरच्या पक्ष्यासाठी स्पष्ट पट्टा २५ सेंटिमीटरचा असतो, त्यात दोन आकड्यांनी काही बिघडत नाही. शून्य ठेवलं. भर दुपारी पाण्यापलीकडच्या इमारतीचा नाद ताईंनी सोडला, आता ती सकाळी लवकर काढतात.

ताई आता फिल्टर लावत नाहीत, हूड (लेन्सच्या तोंडावरची सावली धरणारी कड) कायम लावतात. वर्तमानपत्राचं पान गुंडाळी करून कपाटावर ठेवलंय, चिकटपट्टीच्या खुणा जमिनीवर तशाच आहेत. ३०० ला खालच्या डाव्या कोपऱ्यातला ‘ष’ एफ/५.६ वर जरा निरखावा लागतो. एफ/८ वर वाचता येतो.